मळ्यातले साप आणि मी

मखमलाबादला मळ्यात राहायला आले तेव्हा सापाचं नाव काढलं तरी पोटात गोळा यायचा. द्राक्षबाग, जवळच कालवा, गोठा, सरपणाचा ढीग. म्हणजे उंदीर-बेडकांचं राज्य, आणि त्यांच्या मागावर साप आलेच. आता बांधावर धामण दिसली तर मी हातातलं काम सोडत नाही. मधल्या काळात जे उमगलं ते सांगते.

१. आधी चार विषारी साप पाठ करा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्याकडे सर्पदंशाने दगावणारी बहुतेक माणसं या चौघांमुळे दगावतात आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पदंशाची लसही या चौघांच्याच विषावर चालते. नाग फणा काढतो. घोणस जाडजूड, अंगावर मोठ्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि फुत्कार असा की कुकरच झाला वाटावं. फुरसं आकाराने लहान, पण खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करतं. मण्यार निळसर काळी, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची. एवढं डोक्यात बसलं की मळ्यात दिसणाऱ्या बाकीच्या सापांकडे शांतपणे बघता येतं. ‘त्रिकोणी डोक्याचा तो विषारी’ हा नियम मात्र विसरा. नागाचं आणि मण्यारीचं डोकं काही त्रिकोणी नसतं. मांजऱ्याचं असतं, आणि त्याच्या सौम्य विषाने माणसाच्या जिवाला धोका नसतो.

२. एकदा तरी धामण जवळून बघा. पाखरांसाठी बागेला लावलेल्या नायलॉनच्या जाळीत एका सकाळी भली लांब धामण अडकली. जितकी ओढ घेई तितके धागे खवल्यांत रुतत. सासूबाई ओरडल्या, “लांब हो गं, शेपटी मारील ती, शेपटीत विष असतं!” सर्पमित्र आला, बारीक कात्री काढून बसला आणि मला म्हणाला, “ताई, तुम्ही फक्त जाळी ताणून धरा. विष नाही हिला, पण तोंडापाशी हात नेऊ नका.” तो एकेक धागा कापत होता आणि मी तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर. मोठा गोल डोळा, ओठांच्या खवल्यांवर काळ्या उभ्या रेघा, श्वासाबरोबर फुगणारी कूस. शेवटचा धागा तुटला तशी ती एकदा गळा फुगवून फुत्कारली आणि शेजारच्या मक्यात पसार झाली. हल्ला वगैरे काही नाही, तिला फक्त जायचं होतं. माझी निम्मी भीती त्या मक्यातच गेली म्हणा ना. धामणीच्या शेपटीत विष नसतं. गाईच्या पायांना विळखा घालून ती दूधही पीत नाही, सापाचं तोंडच आचळ ओढण्याजोगं नसतं. ती उंदीर मात्र खाते, आणि उंदीर ठिबकच्या नळ्यांचं काय करतात हे बागवाल्याला सांगायला नको.

३. कवड्यापाशी हुशारी दाखवू नका. हा बिनविषारी साप पालींच्या मागे रात्री भिंतीवर चढतो, न्हाणीत निघतो. रंग तपकिरी, फिकट पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. दिवसाउजेडी फोटोत हे छान कळतं. रात्री, दिवे गेलेले असताना, कळत नाही. मण्यारीचा दंश फारसा दुखतही नाही, झोपलेल्याला पत्ता लागत नाही. तेव्हा रात्री पट्ट्यांचा साप दिसला की तो मण्यार, असंच धरून चाला. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

४. दिवड चावरी असते. विहिरीत, कालव्यात हमखास दिसते. डिवचलं तर कडकडून चावते, रक्तही येतं, विष नसतं. तरी चावणारा साप दिवडच होता हे डॉक्टरांना ठरवू द्या.

५. नागपंचमीला आपण लाह्या वाहतो, दिंड करतो, त्या दिवशी नांगर धरत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी दिसेल तो साप काठीने ठेचतो. मला हे कधीच पचलं नाही. मांडुळाचे हाल तर विचारू नका. शेपटी बोथट म्हणून त्याला दोन तोंडांचा ठरवायचं आणि गुप्तधनाच्या हव्यासापायी लाखोंचे सौदे करायचे! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, अंधश्रद्धा त्याहून जुनी.

६. भीती गेली म्हणून साप हातात धरू नका. मोबाइलवर मिरवण्यासाठी साप गळ्यात घालणाऱ्यांना मी सर्पमित्र मानत नाही. घरात साप निघाला तर लांबून नजर ठेवा, पोरांना मागे घ्या, वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. चावलाच तर कापाकापी, करकचून बांधणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता थेट दवाखाना गाठा, गाडीसाठी १०८ आहेच.

७. बागायतदारांना एक विनंती. जाळीची खालची कड जमिनीपासून वीतभर वर बांधा, रोज सकाळी तिच्या कडेने एक फेरी मारा आणि द्राक्षांचा हंगाम संपला की जाळी गुंडाळून ठेवा.