मनुष्य हा राखणदार
(शास्त्रपाठ : उत्पत्ति १:२४–३१, २:८–१५)

इ. स. १९६७ मध्ये लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ नियतकालिकात असा आरोप केला की, सृष्टी केवळ मनुष्याच्या उपयोगासाठी आहे असे पाश्चात्य ख्रिस्ती लोकांनी उत्पत्तीच्या वृत्तांतावरून मानले, व त्यामुळे तिची हानी झाली. हा आरोप आम्ही हसण्यावारी नेऊ नये. शास्त्र काय सांगते ते पाहू.

देवाने मनुष्याला मासे, पाखरे व पशू यांवर सत्ता दिली हे खरे. परंतु प्रथम त्याने मनुष्यास आपल्या प्रतिरूपाचा केले. म्हणून जो सर्वांस अन्न पुरवितो, त्याच्या रीतीनेच ही सत्ता चालविली पाहिजे. गुरे व मनुष्य एकाच सहाव्या दिवशी उत्पन्न झाली, व दोघांसही वनस्पती अन्न म्हणून नेमून दिल्या, हेही ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या अध्यायात आदामास बागेची मशागत व राखण करण्यास ठेविले. ‘राखण’ यासाठी मूळ इब्री भाषेत ‘शामर’ हा धातू आहे. हाबेलाविषयी विचारले असता काइनाने जो राखणदारपणा झिडकारला, तेथेही हाच धातू आहे. शेताची राखण करणारास ठाऊक आहे की, पीक धन्याचे असते आणि राखणदारास हिशेब द्यावा लागतो.

नियमशास्त्रात हा हिशेब स्पष्ट केला आहे. मळणीच्या बैलास मुसके बांधू नये (अनुवाद २५:४). शब्बाथ दिवशी बैल व गाढव यांसही विसावा मिळावा (निर्गम २३:१२). घरट्यातील पिलांबरोबर त्यांची आई धरू नये (अनुवाद २२:६, ७). सातव्या वर्षी जमीन पडीत ठेवावी (लेवीय २५:४).

बंधुभगिनींनो, आता पुष्कळ खळ्यांवर यंत्रे आली आहेत. तथापि ज्याच्या दावणीला बैल आहे त्याने विचार करावा. आम्ही रविवारी उपासनेस बसतो, आणि आमचा बैल त्याच दिवशी भाड्याने दुसऱ्याच्या नांगरास जुंपलेला असतो काय? त्याच्या खांद्यावर जखम असता आम्ही जू ठेवितो काय? म्हातारा झाला म्हणजे त्यास उपाशी सोडून देतो काय? तसे असेल तर व्हाइट यांच्या आरोपास आम्ही तोंडाने कितीही उत्तर दिले तरी शेजारी ते मानणार नाहीत.

उपदेशकांनी हा पाठ शिकविताना पुढील प्रश्न विचारावे :
१. सत्ता व जुलूम यांत भेद कोणता?
२. आमच्या गावचा ओढा, कुरण व झाडे यांची राखण कोण करितो?
३. या आठवड्यात आमच्या गोठ्यात काय सुधारावे?