दहा टक्क्यांचा ‘नियम’ आणि कोबीवरील अळी

‘अन्नसाखळी’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, ते मुळात एक रूपक होय याचे भान राहत नाही. साखळीच्या कड्या सारख्या असतात आणि एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. सजीवांमधील ऊर्जेच्या बाबतीत याच्या उलट घडते. ‘हस्तांतरण’ हा शब्द तर मालमत्तेच्या व्यवहारातून आलेला. घराचा मालक बदलला म्हणून त्याच्या खोल्या कमी होत नाहीत. आपल्या परंपरेतील ‘मत्स्यन्याया’त भक्ष्य-भक्षकांचा श्रेणीक्रम आहे; परंतु तो राज्यशास्त्राचा दृष्टांत असल्याने त्यात जमाखर्च नाही.

हा जमाखर्च विद्यार्थ्यांच्या हाती देणारा एक प्रयोग अमेरिकेतील कॉलेज बोर्डाच्या २०१२ च्या जीवशास्त्र-प्रयोगपुस्तिकेत आढळतो. सामग्री साधी: कोबीवर्गातील पाला आणि त्यावर वाढणारी पांढऱ्या फुलपाखराची अळी. आरंभी दोहोंचे वजन करावयाचे. काही दिवसांनी उरलेला पाला, वाढलेल्या अळ्या व त्यांची विष्ठा यांचे. ओल्या वजनावर विसंबता येत नाही, कारण पाल्यात पाणीच अधिक. म्हणून नमुने सुकवून शुष्क भाराचे प्रमाण काढावे लागते. माझ्या मते अळ्यांविना ठेवलेल्या पाल्याचा एक डबाही शेजारी असावा. अन्यथा नुसत्या सुकण्याने घटलेले वजन अळीच्या पोटी जमा धरले जाईल.

समजा, खाल्लेल्या पाल्यातील ऊर्जा १०० एकके, विष्ठेतील ५५ आणि देहवृद्धीतील १८. उरलेली २७ कोठे गेली? ती मोजलेली नसतात, वजाबाकीने मिळतात. श्वसनात खर्ची पडून ती उष्णतेच्या रूपाने विखुरतात. ‘ऊर्जा नष्ट झाली’ हे वाक्य येथे सर्रास लिहिले जाते. ते शास्त्रदृष्ट्या असत्य आहे. ‘व्यय’ हा आपला जुना शब्द अधिक नेमका ठरेल. विष्ठेतील ऊर्जेला मात्र तोही लागू नाही, कारण ती विघटकांचे अन्न होते.

खरी अडचण १८ या आकड्याची. पाठ्यपुस्तक ‘दहा टक्क्यांचा नियम’ सांगते, तेव्हा आपलेच मोजमाप चुकले असे समजून विद्यार्थी वहीत १० लिहून मोकळा होतो. हा नियम ज्या रेमंड लिंडमन यांच्या नावाने शिकवला जातो, त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९४२ मध्ये ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकात आला. मिनेसोटातील सीडर बॉग सरोवरासाठी त्यात प्राथमिक भक्षकांची कार्यक्षमता १३.३ टक्के आणि दुय्यम भक्षकांची २२.३ टक्के दिली आहे. दहा ही ढोबळ सरासरी होय, नियम नव्हे. शिवाय डब्यातील अळीची वाढ ही एका प्राण्याची गोष्ट, तर दहाचा आकडा संपूर्ण पोषण पातळीचा. त्या पातळीवर न खाल्लेला पाला आणि भक्षकाच्या तोंडी न पडता मेलेले जीवही हिशेबात येतात. अळीला शरीर उबदार राखण्याचा खर्च नसतो, हेही ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे तुतीच्या पाल्यावरील रेशीमकिड्याने हाच प्रयोग साधेल. मात्र कोष होईपर्यंत तो चालविल्यास वहीत आणखी एक रकाना आखावा लागेल: रेशीम. ते विष्ठेत मोडत नाही, उष्णतेतही नाही. अळीने घडविलेले असूनही तिच्या देहाबाहेर गेलेले ते उत्पादन आहे.