शब्बाथ आणि पाळकाचा सोमवार

माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका लहान मंडळीचे पाळक. रविवार विसाव्याचा, हे आमच्या घरात कधी खरे ठरले नाही. सकाळी उपासना, दुपारी संडे स्कूल, संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटी. आणि सोमवारी कोणाची मयत नाहीतर कोणाच्या घरचे भांडण असतेच. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी प्रवचनाच्या मध्येच ते थांबले. पुढचा शब्द सुचेना. ते खाली बसले, आणि लोकांनी गीत सुरू केले. घरी आल्यावर आईला एवढेच म्हणाले, "माझ्याजवळ सांगण्यासारखे काही उरले नाही." जन्मभर शब्बाथाची आज्ञा शिकवणाऱ्यालाच विसावा मिळू नये, हे कोडे मनात घेऊन मी सांगलीस कॉलेजात परतलो आणि वाचू लागलो.

'शब्बाथ' या इब्री शब्दाच्या मुळाशी थांबणे हा अर्थ आहे. दहा आज्ञा बायबलात दोनदा येतात. 'निर्गम'मध्ये शब्बाथाचे कारण सृष्टीची निर्मिती हे आहे. 'अनुवाद'मध्ये मात्र मिसर देशातील गुलामीची आठवण दिली आहे. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. गुलामाला सुट्टी नसते. तेव्हा थांबता येणे हीच सुटका झाल्याची खूण. शिवाय ही सूट घरधन्यापुरती नाही. दास, दासी, परका, इतकेच नव्हे तर बैलालाही ती आहे. आपल्याकडे बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, त्याची येथे आठवण होते. (बिचाऱ्याचा बेंदूर वर्षातून एकदाच!) कोकणातील बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केल्यावर.

पण सेवा करणाऱ्याने थांबावे कधी? 'पहिले राजे' या पुस्तकातील एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. भाकर व पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचा प्रश्न येतो तो त्यानंतर, होरेब डोंगरावर. आमच्या ओळखीचे काही जण मात्र वडिलांना "प्रार्थना कमी पडत असेल" असे सांगून गेले होते!

सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे. डॉ. विल्यम वानलेस यांचे मिरजेतील इस्पितळ १८९४ सालचे. क्षयरोग्यांसाठीचे सॅनेटोरियम पुढे या वाडीत झाले. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. त्यापूर्वी क्षयावर मुख्य इलाज म्हणजे मोकळी हवा, सकस अन्न आणि पडून राहणे. रोग्याला कोणी आळशी म्हणत नसे. विश्रांती हेच औषध होते. शेजारच्या स्टेशनाचे नावही विश्रामबाग आहे, हा योगायोग मला आवडतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे वडिलांपुढे मांडले. पाळकाचा शब्बाथ सोमवारी का नसावा, असे विचारले.

"आणि सोमवारी मयत झाली तर?"

"मयतीला जा, दादा. पण भांडण मंगळवारपर्यंत थांबू शकते."

ते काही बोलले नाहीत. पुढच्या सोमवारी दहा वाजले तरी ते झोपलेलेच होते. दाराशी दोघे आले. आईने त्यांना ओसरीवर चहा दिला आणि हळू आवाजात उद्या यायला सांगितले.