तयार मॉडेल गाडी: तडजोड कुठली, चूक कुठली

खोका उघडा, इंजिन रुळावर ठेवा, कंट्रोलर फिरवा, गाडी सुरू. ‘रेडी-टू-रन’ म्हणजे एवढेच. किट जोडणाऱ्याच्या चुका त्याच्या स्वतःच्या असतात. इथे सगळे काम कारखान्याने केलेले असते आणि पैसे आपण मोजलेले असतात, तेव्हा पारखून घ्यायचा हक्कही आपला. पारखताना एक मात्र लक्षात ठेवावे. एचओ (१:८७) गाडीचे नेहमीचे ३६० मिमी त्रिज्येचे वळण खऱ्या मापात जेमतेम ३१ मीटरचे होते. एवढ्या वळणावरून मोठ्या मार्गावरची गाडी जाणे शक्यच नाही. मॉडेल जाते, कारण ते बनवताना कुठेतरी तडजोड केलेली असते. ती माफ करावी, हलगर्जी मात्र नाही.

काय करावे

प्रमाण आणि गेज वेगवेगळे तपासा. एचओ म्हणजे १:८७ आणि रुळांतले अंतर १६.५ मिमी. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिमी गेजशी हे गणित चोख जुळते. ब्रिटिश ओओ गाड्या १:७६ प्रमाणाच्या, पण धावतात याच १६.५ मिमी रुळावर. खरे तर त्यांना १८.८३ मिमी हवेत. समोरून पाहिले की ब्रिटिश इंजिन पाय जवळ घेऊन उभे असल्यासारखे दिसते ते यामुळेच. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी १:८७ मध्ये १९.३ मिमी होतात. तरीही भारतीय गाड्यांची एचओ मॉडेले सर्रास १६.५ वरच चालतात, कारण बाजारात रूळ आणि सांधे तेच मिळतात. ही जाहीर तडजोड आहे. ती खुपत असेल तर रूळ स्वतः टाकायची तयारी ठेवा, विक्रेत्याशी वाद घालून उपयोग नाही.

पट्टी घेऊन बसा. भारतीय रेल्वेच्या जुन्या आयसीएफ डब्याचा सांगाडा २१,३३७ मिमी लांब, म्हणजे एचओमध्ये २४५ मिमी. नव्या एलएचबी डब्याचा २३,५४० मिमी, म्हणजे सुमारे २७१. फरक अडीच सेंटीमीटरचा, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा. एकाच साच्यातला डबा दोन रंगांत रंगवून दोन्ही नावांनी विकला जात असेल, तर ती तडजोड नव्हे, चूक. जर्मन डब्यांची गोष्ट निराळी. २६.४ मीटरचा डबा १:८७ मध्ये ३०३ मिमी व्हायला हवा. पण घरगुती वळणांवर त्याची टोके बाहेर झुकतात, म्हणून उंची-रुंदी १:८७ आणि लांबी १:१०० किंवा १:९३.५ ठेवलेले डबे तिथे वर्षानुवर्षे विकले गेले. खोक्यावर तसे लिहिले असेल तर हरकत नाही. फक्त दोन्ही जातींचे डबे एका गाडीत जोडू नका, फार विचित्र दिसते.

आधी चालवून पाहा, मग निरखा. माझा क्रम ठरलेला आहे. कंट्रोलर अगदी किंचित उघडायचा आणि इंजिन किती हळू चालू शकते ते पाहायचे. चांगले इंजिन स्लीपरमागून स्लीपर मोजत जाते. वाईट इंजिन आधी हलतच नाही आणि मग एकदम झेप घेते. दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास मध्यम वेगात फिरवल्यावर पुन्हा हीच परीक्षा घ्या, कारण कोरे गिअर थोडे अडखळतातच. या वेळी कान द्या. सतत घरघर येत असेल तर वंगण किंवा मोटारीची बैठक बघावी लागते. चाकाच्या दर फेरीला नेमकी एकदा ‘टक्’ येत असेल तर मामला वेगळा. धातूच्या आसावर दाबून बसवलेला प्लास्टिकचा गिअर तडकलेला असतो. तडीपाशी दोन दात फाकतात आणि तिथेच अडतात. तेलाने हे बरे होत नाही. गिअर बदलून मागा.

वीज किती चाकांतून येते ते मोजा. सांध्याच्या मधोमध, जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथे अनेकदा प्लास्टिकचा तुकडा असतो. चारच चाकांतून वीज घेणारे छोटे इंजिन त्यावर हमखास थांबते. आठ किंवा बारा चाकांतून घेणारे दिवा न लुकलुकवता पुढे जाते. कॅटलॉगमध्ये या गोष्टीला एक ओळही मिळत नाही. रोजचा आनंद मात्र हिच्यावरच अवलंबून असतो.

चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर कॅलिपरने पाहा. एचओत ते साधारण १४.४ मिमी हवे. गाडी नेमक्या सांध्यावरच घसरत असेल तर रुळाला दोष देण्याआधी हे तपासा.

डबा तोलून घ्या. अमेरिकेतल्या एनएमआरए या १९३५ साली स्थापन झालेल्या संघटनेची शिफारस सोपी आहे: एचओ डब्याला मूळ एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. २४५ मिमीच्या डब्याला हे साधारण १६५ ग्रॅम होते. हलके डबे लांब गाडीत वळणावर आतल्या बाजूला कलंडतात.

साल विचारा. मॉडेल ‘अचूक’ आहे असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न: कोणत्या वर्षाचे? ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे ब्रिटिश वाफेचे इंजिन १९२३ साली बांधले गेले तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता. १९२४ मध्ये तो ४४७२ झाला आणि ब्रिटिश रेल्वेच्या काळात ६०१०३. १९५९ च्या सुरुवातीला दुहेरी चिमणी आली, १९६१ च्या अखेरीस धूर वर ढकलणारे पत्रे. १९६३ मध्ये खाजगी मालकाने ते घेतले आणि पुन्हा एकेरी चिमणी व ४४७२ क्रमांक दिला. मग हिरवा रंग, ४४७२ क्रमांक आणि दुहेरी चिमणी असलेले मॉडेल चुकीचे का? नाही. १९९९ च्या दुरुस्तीनंतर ते खरोखर याच रूपात धावले. चूक होईल ती अशा मॉडेलमागे १९३० चे डबे जोडले तर. दख्खनची राणीही १९३० पासून धावते आहे, पण एलएचबी डबे तिला २०२२ च्या जूनमध्ये मिळाले. त्या डब्यांपुढे डीसी विजेवर धावणारे जुने इंजिन लावायचे असेल तर खुशाल लावा, फक्त त्याला इतिहास म्हणू नका.

गाडी डिजिटल पद्धतीने चालवायची असेल तर डिकोडरची जागा आणि सॉकेटचा प्रकार आधी विचारून ठेवा. ८ पिन, २१ पिन, नेक्स्ट-१८: एकाचा डिकोडर दुसऱ्यात थेट बसत नाही.

काय टाळावे

जाहिरातीतल्या चित्रावर निकाल देऊ नका. ते बहुधा नमुन्याचे असते, कधी नुसते संगणकावर काढलेले. हातात येणाऱ्या मालात रंगाची रेघ दारावर आली की अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली सापडते. भिंग घेऊन क्रमांक, रंगांची सीमा आणि काचेच्या कडा पाहिल्या की कारखान्याची शिस्त कळते.

रिव्हेट मोजून दर्जा ठरवू नका. केसाएवढे नाजूक दांडे, वेगळे बसवलेले वायपर, छतावरच्या तारा हे सगळे सुंदर दिसते. पण इंजिन हातात धरायला जागाच उरली नसेल तर तिसऱ्या खेपेला एक दांडा निखळतो. साच्यातच उठवलेला, थोडा जाड दांडा मला चालतो. ज्याला हे पटत नाही त्याने गाडी काचेच्या कपाटात ठेवावी.

चाकाच्या खोल कडेला नाक मुरडू नका, पण रूळ पाहिल्याशिवाय ती घेऊही नका. जुन्या गाड्यांच्या खोल कडा उंच कोड १०० रुळावर आरामात चालतात. कोड ७५ च्या बुटक्या रुळावर त्या खिळ्यांच्या उठावांवर खडखडत जातात. गंमत म्हणजे चालायला सोयीचा असलेला कोड १०० हाच दिसायला बेढब. त्याची २.५४ मिमी उंची खऱ्या मापात २२ सेंटीमीटर होते. खरा यूआयसी ६० रूळ १७.२ सेंटीमीटरचा.

दोन पद्धती मिसळू नका. मार्कलिनच्या एचओ गाड्या मधल्या खुंट्यांवरून घसरपट्टीने वीज घेतात आणि दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विजेने वेगळी नसतात. अशी गाडी साध्या दोन-रूळ मार्गावर ठेवली की थेट शॉर्ट सर्किट. जुन्या बाजारात स्वस्त दिसली म्हणून लगेच पिशवीत टाकू नका.

मगरीला खेकडा म्हणून घेऊ नका. भोर आणि थळ घाटात मालगाड्या ओढणारी ईएफ/१, पुढची डब्ल्यूसीजी-१, स्वित्झर्लंडच्या एसएलएम आणि इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने १९२८ पासून बांधली. आपल्या रेल्वेच्या माणसांनी तिचे नाव खेकडा ठेवले. दोन लांब नाके आणि मध्ये केबिन अशी ठेवण असल्याने स्विस ‘क्रोकोडाइल’चे मॉडेल रंगवून ती म्हणून खपवता येते. फसवणूक चाकांत पकडता येते. स्विस सीई ६/८ ला दोन्ही टोकांना छोट्या मोकळ्या चाकांची एकेक जोडी असते, आपल्या खेकड्याला नुसती सहा-सहा मोटारची चाके. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात खरे इंजिन उभे आहे. खरेदीआधी एक चक्कर मारून फोटो घ्या.

जस्ताच्या जुन्या सांगाड्याला भुलू नका. मिश्रधातूत शिसे मिसळले गेले की वर्षांनी तो फुगतो, बारीक भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. याला उपाय नाही. चाकांची चौकट वाकडी किंवा बॉडी खालून फाकलेली दिसली की परत ठेवा.

शिवणयंत्राचे किंवा सायकलचे तेल वापरू नका. प्लास्टिकला चालेल असे लिहिलेलेच तेल घ्या, तेही सुईच्या टोकाने. जास्त झालेले तेल रुळावर पसरते आणि रबरी टायर घसरू लागतात.

पेंटोग्राफ वर ठेवून बोगद्यात गाडी सोडू नका. उंची मोजलेली नसेल तर पहिल्याच फेरीत तो मागे मुडपतो. काही जुन्या युरोपीय इंजिनांत वीज वरच्या तारेतून घ्यायची की रुळातून, हे ठरवणारे छोटे बटण असते. ‘बंद पडले’ म्हणून परत करण्यापूर्वी तेवढे पाहा.

गाडीला स्पंजात गुंडाळून पावसाळा काढू देऊ नका. मुंबई-कोकणच्या दमटपणात जुना स्पंज चिकट होतो आणि रंगाला धरतो. आम्लमुक्त कागद आणि सिलिका जेलची पुडी पुरते. खोका मात्र फेकू नका, बिलासकट ठेवा.