डेंग्यूमधील रक्तस्राव आणि शरीराची प्रतिकारशक्ती

सन १९९६ मध्ये पावसाळा ओसरत असताना दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. तीत १०,२५२ रुग्णांची नोंद झाली व ४२३ जण दगावले. हा रोग राजधानीला नवा नव्हता. १९६७, १९७०, १९८२ व १९८८ मध्येही त्याच्या साथी येऊन गेल्या होत्या. एडिस इजिप्ती डासामार्फत पसरणारा हा ताप बहुसंख्य रुग्णांत आठवडाभरात बरा होतो. मग काही थोड्या रुग्णांमध्येच तो रक्तस्रावापर्यंत व शॉकपर्यंत का पोहोचतो?

या प्रश्नाचे उत्तर आजाराच्या कालक्रमात दडलेले आहे. धोक्याचा काळ साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरू लागल्यावर येतो. त्या वेळी रक्तातील विषाणूंची संख्या घटत असते. म्हणजेच सारी हानी विषाणू थेट करीत नाही. तिच्यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेचा मोठा वाटा असतो.

दुसऱ्या संसर्गाचा धोका

डेंग्यू विषाणूचे चार उपप्रकार आहेत. एकाचा संसर्ग झाल्यास त्या उपप्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण मिळते. इतर तिघांविरुद्ध मात्र ते काही महिनेच टिकते. पुढे वेगळ्या उपप्रकाराचा संसर्ग झाला, की जुनी प्रतिपिंडे त्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. उलट, प्रतिपिंडांना ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी विषाणूसह ही जोडगोळी आत घेतात आणि तेथे विषाणू अधिक वेगाने वाढतो. बँकॉकमधील बालरुग्णांच्या अभ्यासावरून स्कॉट हॅल्स्टेड यांनी १९६० च्या दशकापासून ही उपपत्ती विकसित केली. क्यूबात १९७७ मध्ये पहिल्या उपप्रकाराची साथ आली. त्यानंतर १९८१ मध्ये दुसरा उपप्रकार पसरला, तेव्हा रक्तस्रावी डेंग्यूने १५८ बळी घेतले. या घटनाक्रमाने उपपत्तीला बळ मिळाले.

दिल्लीत २००३ मध्ये चारही उपप्रकार एकाच वेळी आढळले. अशा शहरात दुसऱ्या संसर्गाची शक्यता स्वाभाविकच वाढते. तथापि, प्रत्येक दुसरा संसर्ग गंभीर होतोच असे नाही. वय, आनुवंशिकता व विषाणूचा वाण हे घटकही महत्त्वाचे असतात.

रक्तस्राव कसा होतो?

बाधित पांढऱ्या पेशी आणि पूर्वीच्या संसर्गाची स्मृती असलेल्या टी-पेशी मोठ्या प्रमाणावर साइटोकाइन ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यांच्यामुळे केशवाहिन्यांचे अस्तर सैल होते. विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन या अस्तराला इजा करते, तर रक्तातील पूरक प्रथिने दाह वाढवितात. परिणामी रक्तद्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते व रक्तदाब कोसळू शकतो.

दुसरीकडे रक्त गोठविणारी यंत्रणा दुबळी होते. अस्थिमज्जेत प्लेटलेटची निर्मिती मंदावते. एनएस-१ विरुद्धची काही प्रतिपिंडे प्लेटलेटलाही चिकटून त्यांचा नाश घडवितात. यकृताला इजा झाल्यास रक्त गोठविणारे घटक कमी पडतात. शॉक लांबल्यास पचनमार्गातून गंभीर रक्तस्राव होऊ शकतो.

प्लेटलेटचा गैरसमज

साथीच्या दिवसांत रुग्णाचे नातेवाईक प्लेटलेटसाठी रक्तपेढ्यांच्या दारी धावतात. परंतु केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट देणे बहुधा उपयुक्त ठरत नाही. सिंगापूर व मलेशियातील प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आकडा २०,००० किंवा त्याहून कमी असतानाही, अशा प्रतिबंधक उपायाने रक्तस्राव टळल्याचे दिसले नाही. मूळ दोष रक्तवाहिन्यांच्या गळतीत असल्याने वेळेवर व मोजून द्रव देणे, रक्ताचा दाटपणा तपासत राहणे आणि ॲस्पिरिन व आयब्युप्रोफेन टाळणे हे स्वस्त उपायच अधिक जीव वाचवितात. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त व अस्वस्थता ही धोक्याची लक्षणे होत. दिल्लीत २०१५ मध्ये १५,८६७ रुग्ण व ६० मृत्यू नोंदले गेले. नोंदणीची व्याप्ती बदललेली असल्याने १९९६ शी थेट तुलना करता येत नाही. तरीही मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांपर्यंत घसरणे लक्षणीय आहे.

लसीपुढील पेच

प्रतिकारशक्तीचे हे दुहेरी रूप लसीच्या आड येते. फिलिपिन्समध्ये २०१६ मध्ये शाळकरी मुलांना डेंग्वाक्सिया ही लस देण्यास सुरुवात झाली. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांमध्ये या लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो, हे २०१७ च्या अखेरीस उत्पादक कंपनीने जाहीर केले. लसीचा परिणाम त्यांच्या शरीरात पहिल्या संसर्गासारखा ठरत होता. भारतात २०१७-१८ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे ४९ टक्के लोकांच्या रक्तात डेंग्यूची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे जवळपास निम्म्या लोकांना तोवर संसर्ग झालेला नव्हता. म्हणूनच चारही उपप्रकारांविरुद्ध समतोल संरक्षण देणारी लस आवश्यक ठरते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व पॅनेसिया बायोटेक यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये अशा स्वदेशी लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी सुरू केली. तिचा पहिला डोस राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील रोहतक येथे देण्यात आला.

सारांश, डेंग्यूमधील रक्तस्राव हा विषाणू आणि शरीराची प्रतिक्रिया यांचा संयुक्त परिणाम आहे. त्यामुळे प्लेटलेटच्या साठ्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील दक्ष निरीक्षण व साठलेल्या पाण्याचे निर्मूलन यांवर केलेला खर्च समाजाला अधिक लाभदायक ठरतो.