कोरा चहा : पोटाला हलका, पण केव्हा घ्यावा?

शहरातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "दुधाचा चहा घेतला की पोट फुगते, म्हणून मी गेली काही वर्षे कोरा चहा घेते. कोरा चहा पचनाला चांगला, असे सासूबाई म्हणतात. हे खरे का?"

सासूबाईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. काहींना दुधातील साखर नीट पचत नाही. दिवसातून चार-पाच वेळा दाट दुधाचा चहा घेणाऱ्या अशा माणसाने दूध बंद केले की गॅस आणि गुडगुड कमी होते. पण तो कोऱ्या चहाचा गुण नव्हे. दूध थांबले, एवढेच.

कोऱ्या चहात पोटाच्या दृष्टीने दोन द्रव्ये महत्त्वाची. एक कॅफीन. त्याने तरतरी येते आणि जठरातील आम्लही वाढते. म्हणून पहाटे अनशापोटी कडक कोरा चहा घेणाऱ्या कित्येकांना तासाभरात जळजळ होते. मग ती शमवायला ते पुन्हा अर्धा कप घेतात! दुसरे द्रव्य टॅनिन. काजूचे बोंड खाल्ल्यावर जीभ धरते आणि घसा खवखवतो, तो याच जातीच्या तुरट द्रव्यांमुळे. चहा जितका जास्त उकळाल तितका तुरटपणा वाढतो. रिकाम्या पोटी असा चहा घेतला तर काहींना मळमळते.

जुलाब झाले की आपल्याकडे कोऱ्या चहात लिंबू पिळून देतात. घोटभर घेतला तर मोठ्या माणसाचे काही बिघडत नाही, पण त्यावर विसंबू नये, आणि लहान मुलांना तर तो देऊच नये. जुलाबात शरीरातील पाणी आणि क्षार जातात, ते चहाने भरून निघत नाहीत. दवाखान्यातील जलसंजीवनीची पुडी आणावी. ती मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे (चमचा चहाचा, लहान). मीठ घातलेली भाताची पातळ पेजही उत्तम.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहीत आहे, तिच्याकडे वळतो. टॅनिन अन्नातील लोहाला आतड्यात धरून ठेवते. तयार होणारा संयुग विरघळत नाही, त्यामुळे लोह रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९७५ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. भात आणि बटाटा-कांद्याचे सूप अशा जेवणाबरोबर चहा दिला, तेव्हा लोहाचे शोषण घटले. भात, कडधान्य, पालेभाजी यांतील लोहाला हा फटका जास्त बसतो. मासे-मटणातील रक्ताच्या लोहाला कमी. पण बांगडा रोज कुठे परवडतो? दूध घातल्यानेही हे नुकसान फारसे टळत नाही, हे दुधाच्या चहावाल्यांनी लक्षात घ्यावे.

हे सारे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही एका बाईंच्या बाबतीत मी चुकलो. खाडीपलीकडच्या गावच्या, वय अडतीस. लावणीच्या दिवसांत बांध चढताना धाप लागते, म्हणून आल्या. हिमोग्लोबिन ७.२. जंताचे औषध दिले, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर ७.५! मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "बाई, गोळ्या घेत नाही ना तुम्ही?" त्या खाली बघत राहिल्या. बरोबर आलेल्या जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टर, रोज घेते हो ती. माझ्यासमोर घेते. नुसत्या पाण्याने मळमळतं, म्हणून सकाळच्या कोऱ्या चहाबरोबर घेते."

गोळी कशाबरोबर घेता, हा साधा प्रश्न तीन महिन्यांत मी विचारला नव्हता. पुढे तीच गोळी रात्री झोपताना, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायला सांगितली. सकाळचा आणि दुपारचा चहा जेवणापासून तासभर दूर नेला. चहा बंद केला नाही. शेतावर राबणाऱ्या बाईचा तेवढाच विसावा असतो, तो काढून घेण्यात काय अर्थ? दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झाले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष चहाच्या कपावर टाकता येणार नाही. परंतु आपल्या घरांतून बायका सर्वांच्या शेवटी जेवतात, आणि पान उचलले की लगेच चहा टाकतात. तो चहा तासाभराने टाकला तर खर्च काहीच नाही. जेवणात लिंबाची फोड, आवळ्याचे लोणचे किंवा नंतर पेरू असला तर लोह शोषायला मदत होते.

एक सावधगिरी सांगतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळी होते, त्याला घाबरू नये. मात्र शौच डांबरासारखी चिकट, काळी आणि फार दुर्गंधीची होत असेल, तर ते पोटातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. गोळ्या चालू असोत वा नसोत, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जळजळीबरोबर वजन घटत असेल किंवा घास अडकत असेल, तरीही घरगुती उपाय करत बसू नये.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी शेवटी विचारले आहे की, परसातल्या गवती चहाचे काय? ती पात म्हणजे चहाच्या झाडाचे पान नव्हे. तिच्यात कॅफीन नसते. नुसती पात आणि आल्याचा तुकडा उकळून सकाळी घ्यायला हरकत नाही. पण त्यात चहापूड टाकली, की तो पुन्हा कोरा चहाच झाला.