हृदयविकाराच्या झटक्यानंतर : औषध, पथ्य व तप



प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. आयुष्य धान्याच्या पेढीवर गेले. परंतु हृदयविकाराचा झटका बेळगाव-निपाणी भागातील आपल्या कुटुंबांस आता अपरिचित राहिलेला नाही, आणि रुग्ण घरी परतल्यावर काय जपावे, याची माहिती मात्र फार थोड्या घरांत असते. म्हणून डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या काही गोष्टी येथे मांडतो.

प्रथम घरचीच हकीकत. माझ्या वडील बंधूंना झटका आला व हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविण्यात आला. चार महिन्यांनी दशलक्षण पर्व आले. ‘‘आता मला काही होत नाही’’ असे म्हणून त्यांनी उपवास धरले आणि गोळ्यांची डबी कपाटात ठेवून दिली. सहाव्या दिवशी पहाटे स्टेंटमध्येच रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, पण हृदयाचा बराचसा स्नायू निकामी झाला, आणि पुन्हा पेढीवर येणे झाले नाही. डबी कपाटात आहे हे घरातील आम्हां सर्वांस ठाऊक होते. विचारले कोणीच नाही.

चूक कोठे झाली? धमनीच्या आतील भिंतीत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. तो एके दिवशी फाटतो, त्यावर गुठळी जमते, रक्त अडते व स्नायू मरू लागतो. स्टेंटने एक जागा मोकळी होते. रोग इतर धमन्यांत राहतोच. म्हणजे या गोळ्या आजचे दुखणे थांबविण्यासाठी नसून उद्याचा झटका टाळण्यासाठी असतात. बरे वाटते म्हणून त्या सोडणे, हा हिशेबच चुकीचा आहे.

औषधे साधारणतः चार प्रकारची असतात. ॲस्पिरिन गुठळी होऊ देत नाही व बहुधा जन्मभर घ्यावी लागते. तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळी बहुधा एक वर्ष असते. दात काढावयाचा असला तरी ही दोन औषधे डॉक्टरांस विचारल्यावाचून थांबवू नयेत. दुसरे औषध स्टॅटिन. ते कोलेस्टेरॉल उतरविते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४,४४४ रुग्णांच्या स्कँडिनेव्हियातील अभ्यासात स्टॅटिन घेणाऱ्यांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. तिसरे औषध नाडीची गती आवरते. ते एकाएकी बंद करणे धोक्याचे. चौथे रक्तदाब व हृदयावरील भार कमी करते; त्याने कोणास कोरडा खोकला होतो, तेव्हा गोळी टाकून न देता बदलून घ्यावी. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणू नयेत. त्यांतील अनेक हृदयास बाधक आहेत.

आता आपल्या आचाराविषयी. सूर्यास्तानंतर काही न घेणाऱ्यांनी हे डॉक्टरांस प्रथमच सांगावे. ॲटोरव्हास्टॅटिन दिवसा केव्हाही चालते. इतर गोळ्यांच्या वेळाही बहुधा जमवून देता येतात. कॅप्सूलचे कवच पुष्कळदा प्राणिज जिलेटिनचे असते. ते नको असल्यास त्याच औषधाची साधी गोळी मागावी, पण औषध सोडू नये. निर्जळ उपवासात रक्तदाबाच्या गोळीने चक्कर येऊ शकते. म्हणून पर्वाच्या आधी महिनाभर सल्ला घ्यावा. सोळा भावनांमध्ये तप ‘शक्तितः’, म्हणजे शक्तीप्रमाणे, सांगितले आहे. रुग्णाने शक्तीबाहेर जाणे त्यात अभिप्रेत नाही.

पथ्य थोडक्यात असे : लोणचे-पापड व तळलेले कमी, डॉक्टरांच्या अनुमतीने रोज अर्धा तास चालणे, आणि तंबाखू पूर्ण वर्ज्य. निपाणीचा बाजार तंबाखूवर वाढला, हे खरे. तरी झटका आलेल्याने ती सोडल्यास मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो.

पुन्हा छातीत दुखू लागल्यास बसून, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली धरावी. पाच मिनिटांत उतार न पडल्यास १०८ क्रमांकास कळवून रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

शेवटी घरच्या मंडळींविषयी. बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतातील १४ रुग्णालयांत ८०६ रुग्णांचा अभ्यास झाला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची विचारपूस प्रशिक्षित आरोग्यसेवक करीत होते, त्यांनी वर्षअखेर औषधे अधिक नियमित घेतली. घरात असा सेवक आपणच व्हावयाचे असते. रोजकीर्द आपण एक दिवसही कोरी ठेवीत नाही. तद्वत् गोळ्यांचीही एक वही ठेवावी, आणि घरातील एकाने रोज विचारावे, ‘‘आज गोळी घेतली का?’’ वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हेही आपल्या धर्मात अभ्यंतर तपच आहे. आमच्या घरी ते त्या पर्वात कोणी केले नाही; आपल्या घरी व्हावे, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र.